हजार यार्डांना पंचवीस पट? एका फॉरवर्डचा प्रतिवाद

महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. अमेरिकेत रायफल घेऊन शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाणारी आपली जी मंडळी आहेत, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत तो बहुधा गोल गोल फिरतोय. विषय रायफलवर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप. मजकूर थोडक्यात असा: "लाँग रेंजला उतरायचं असेल तर हजार यार्डांसाठी किमान २५ पट मॅग्निफिकेशन हवंच. पुढची काच ५६ मिमी आणि नळी ३४ मिमी, नाहीतर उजेड कमी पडतो. फर्स्ट फोकल प्लेन नसेल तर हातही लावू नका. मिल मीटरवाल्यांसाठी, एमओए यार्डवाल्यांसाठी. रायफलच्या दुप्पट पैसे स्कोपवर घाला, हजार डॉलरच्या खालचं सगळं खेळणं. आणि लाइफटाइम वॉरंटी असेल तर डोळे मिटून घ्या."

चौथा पाठवणारा डॅलसचा मित्र, मूळ नागपूरचा. त्याने नुकतीच ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल घेतली होती आणि बाकी सगळ्यासाठी त्याच्याकडे नऊशे डॉलर उरले होते. मेसेजखाली त्याने एवढंच लिहिलं होतं, "म्हणजे आपलं काही होत नाही." म्हणून हे लिहायला बसलो.

आधी पंचवीस पटीचं बघू, कारण लोकांचे सगळ्यांत जास्त पैसे तिथेच जातात. चांगल्या नजरेच्या माणसाला साध्या डोळ्यांनी साधारण एक मिनिट कोनाएवढा (अंशाचा साठावा भाग, फॉरवर्डमधला एमओए तो हाच) बारकावा वेगळा दिसतो. हजार यार्डांवर एक मिनिट म्हणजे साडेदहा इंच. दहा पटीचा स्कोप लावला की तोच हिशेब, निदान कागदावर, एका इंचावर येतो. हजार यार्डांवर निशाण म्हणून लावलेली पोलादी पाटी दीड-दोन फुटांची असते, मग दहा पटीत ती दिसणार नाही असं होईलच कसं? अमेरिकी लष्कराने १९८८ मध्ये एम-२४ ही स्नायपर रायफल घेतली तेव्हा तिच्यावर ल्युपोल्डचा स्थिर दहा पटीचा स्कोप होता. मरीन दलाच्या एम-४० ए-१ वरचा युनर्टल कंपनीचा स्कोपही दहा पटीचाच.

"पण जास्त असलेलं काय वाईट?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर जुलैत सकाळी दहानंतर टेक्ससच्या रेंजवर पालथं पडून घ्यावं. जमीन तापलेली असते. २४ पटीत पांढरी पाटी तापल्या तेलाच्या कढईपलीकडे ठेवल्यासारखी हलते, तिच्या कडा विरघळतात, मध्य कुठे ते कळत नाही. स्कोप वाढवतो ते पाटीला आणि मधल्या हवेच्या थरथरीला सारखंच. पॉवर १४ वर आणली की पाटी लहान होते, पण स्थिर होते. माझ्या शेजारी पडणारे अनुभवी लोक महागडे २५ पटीचे स्कोप १२ ते १६ वर ठेवूनच मारतात. म्हणजे उरलेल्या पटीचे पैसे त्यांनी शोभेसाठी दिले म्हणायचे.

दुसरं म्हणजे दृश्याची रुंदी. दहा पटीत शंभर यार्डांवर साधारण दहा-अकरा फूट रुंदीचा तुकडा दिसतो, पंचवीसला चार-साडेचार. ६.५ क्रीडमूरची गोळी हजार यार्ड जायला दीड सेकंदाच्या आसपास घेते. तेवढ्या वेळात धक्क्याने उडालेली रायफल परत जागेवर आली आणि पाटीच्या डावीकडे उडालेली धूळ तुम्हाला स्वतःलाच दिसली, तर पुढची गोळी लागते. पंचवीस पटीच्या अरुंद खिडकीतून ती धूळ बहुतेक वेळा दिसतच नाही आणि शेजाऱ्याला विचारावं लागतं, "कुठे गेली रे?"

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. एफ-क्लास हा कागदी निशाणाचा प्रकार. त्यात हजार यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं आणि त्याच्या आतलं एक्स नावाचं वर्तुळ पाच इंचांचं. तिथले लोक चाळीस पटीपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात, आणि त्याला कारण आहे. पण ते जड रायफल टेकूवर ठेवून, ठरलेल्या अंतरावर, एकाच निशाणावर मारतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्यांचा नियम उचलून सगळ्यांच्या माथी मारलाय.

आणि ज्यांना वाटतं की काच नसेल तर नेम नाही, त्यांनी कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेकडे बघावं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्या खेळात दुर्बिणीच्या साइटला परवानगीच नाही. मागे बारीक छिद्र, पुढे गोल कडी, आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. अंतर वेगळं, खेळ वेगळा, हे मान्य. पण "दिसत नाही म्हणून लागत नाही" म्हणण्यापूर्वी एवढं आठवावं.

मग लागत का नाही? इथे माझीच फजिती सांगतो. माझा पहिला स्कोप साडेतीनशे डॉलरचा होता, कंपनीचं नाव घेत नाही. सहाशे यार्डांपर्यंत ठीक चालायचं. हजारवर गोळी सतत पाटीच्या खाली. मी वाऱ्याला दोष दिला, काडतुसांना दिला, शेवटी स्वतःच्या श्वासाला दिला. दोन महिने आणि दीडशेच्या वर फैरी गेल्या. रेंजवरच्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याने हे दोन-तीन शनिवार पाहिलं आणि एके दिवशी खाटकाकडच्या कागदाची गुंडाळी माझ्यापुढे टाकली.

चार फूट उंचीचा कागद लावायचा. ओळंबा सोडून त्यावर उभी सरळ रेघ मारायची. अंतर फितीने किंवा लेझरने मोजून बरोबर शंभर यार्ड करायचं, कारण रेंजच्या पाटीवरचे शंभर पुष्कळदा सत्त्याण्णव निघतात. तळाच्या खुणेवर तीन गोळ्या. मग टरेट (लांबवर गोळी जेवढी खाली येते तेवढा नेम वर घ्यायची स्कोपवरची चकती) दहा मिल, म्हणजे कोनाची दहा मापं, वर फिरवायचा आणि नेम त्याच तळाच्या खुणेवर धरून पुन्हा तीन. शेवटी टरेट शून्यावर आणून आणखी तीन. एक मिल म्हणजे शंभर यार्डांवर ३.६ इंच, तेव्हा तळाच्या आणि वरच्या गोळ्यांमध्ये ३६ इंच अंतर पडायला हवं. माझं पडलं साडेचौतीस. टरेटवर दहा लिहिलेलं असलं तरी स्कोप प्रत्यक्षात साडेनऊच्या थोडंच पुढे जात होता. हजार यार्डांना मला नऊ मिल लागत होते, त्यात ही तूट एक फुटाहून जास्त. पाटीच्या खाली, अगदी रोज जिथे धूळ उडायची तिथे.

गंमत पुढे आहे. शून्यावर परतल्यावर शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघींत मिसळल्या. म्हणजे स्कोप खोटं मोजत होता, पण दर वेळी सारखंच खोटं. मी फोनमधल्या बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये ती सुधारणा भरली, नऊऐवजी ९.४ फिरवायला लागलो, आणि त्याच "खेळण्याने" त्याच दुपारी हजारवर पाटी वाजली. जो स्कोप शून्यावर परतत नाही तो मात्र मी फुकटही घेणार नाही. त्याच्या चुकीला नियमच नाही, तर सुधारणा कशाची भरणार?

म्हणून पैसे कमी असतील तर माझा पहिला डॉलर टरेटला. लांब पल्ल्याचा स्कोप मी आधी मोजपट्टी म्हणून बघतो, दुर्बीण म्हणून नंतर. एसडब्ल्यूएफए या अमेरिकी कंपनीचा स्थिर १०×४२ (दहा पट, पुढची काच ४२ मिमी) कित्येक वर्षं तीनशे डॉलरच्या आसपास मिळायचा. काच साधी, दिसायला ओबडधोबड, पॉवर बदलत नाही. तरी त्याचं नाव टिकलं ते टरेट सांगेल तेवढंच फिरतो म्हणून.

आता ५६ मिमी आणि ३४ मिमी. पुढच्या काचेला पटीने भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ५६ भागिले २५ म्हणजे जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. ४२ भागिले १० म्हणजे ४.२. म्हणजे "छोटा" स्कोपच डोळ्याला जाड झोत देतो. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर आकसलेली असते, तेव्हा दोन्ही सारखेच. नळीच्या जाडीचा तर उजेडाशी संबंधच नाही. जाड नळीत आतला लेन्सचा गट वर-खाली सरकायला जागा जास्त मिळते, म्हणजे टरेट जास्त फिरतो. ही गोष्ट कामाची आहे, फक्त ती स्वस्तातही साधते. समजा शिकारीच्या स्कोपमध्ये एकूण ५० एमओए फिरण्याची सोय आहे. झीरो (शंभर यार्डांवर नेम आणि गोळी जुळवलेली टरेटची जागा) मधोमध बसला तर वर उरतात २५. ६.५ क्रीडमूरला शंभरच्या झीरोवरून हजारपर्यंत साधारण ३० लागतात, मग पाच कमी पडतात. स्कोप जिच्यावर बसतो ती पट्टी, म्हणजे रेल, २० एमओए उताराची घेतली की वर ४५ होतात. ती रेल शंभर डॉलरच्या आत येते.

फर्स्ट फोकल प्लेनबद्दल फॉरवर्ड निम्मा बरोबर आहे. त्यात पॉवर बदलली तरी रेटिकलवरच्या, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघांवरच्या, खुणांचं माप तेच राहतं. सेकंड फोकल प्लेनमध्ये ते एकाच पॉवरवर खरं असतं, बहुतेक वेळा सर्वांत वरच्या. वेगवेगळ्या अंतरांवरच्या पाट्या घाईघाईत मारायच्या असतील, वाऱ्यासाठी खुणांवर नेम धरायचा असेल, तर मी फर्स्टच घेईन. पण एका जागी पडून, ठरलेल्या अंतरावर, टरेट फिरवून मारणाऱ्याला सेकंडची बारीक, न फुगणारी रेघ उलट बरी पडते. आणि स्वस्त फर्स्ट फोकल स्कोपात कमी पॉवरवर रेटिकल कोळ्याच्या जाळ्यासारखं पुसट होतं, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही.

मिल आणि एमओए दोन्ही कोन आहेत. कोनाला मीटर-यार्ड कळत नाही. एक मिल म्हणजे ३.४४ एमओए, झालं. बघायचं ते एवढंच की रेटिकल आणि टरेट एकाच भाषेत बोलतात ना. रेटिकल मिलचं आणि टरेट एमओएचा असे स्कोप पूर्वी सर्रास विकले जायचे, जुन्या बाजारात अजून सापडतात. शेजारी मारणारे मित्र जे वापरतात ते घ्या, म्हणजे "अर्धा मिल डावीकडे" ऐकल्यावर मनात गुणाकार करत बसावं लागणार नाही.

"रायफलच्या दुप्पट" या नियमाचं मूळ मला कधी सापडलं नाही. आठशे डॉलरच्या रायफलवर सोळाशेचा स्कोप लावून तो हलक्या दर्जाच्या रिंगांत (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या कड्यांत) बसवलेला मी पाहिलाय. रिंगांचे वरचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंडांना आवळायचे असतात, आणि गडी अंदाजाने मनगट पिळून मोकळा. दर दहा गोळ्यांनी झीरो सरकायचा, दोष स्कोपला. दुसरी तशीच फुकटची चूक म्हणजे तिरकेपणा. स्कोप तीन अंश कलला असेल आणि नऊ मिल फिरवले, तर गोळी हजार यार्डांवर सतरा इंच बाजूला जाते. तीस डॉलरची पाणसळ बसवली की हे संपतं.

वॉरंटी चांगलीच, नको कोण म्हणतंय? पण ती तुटलेला स्कोप बदलून देते. साडेचौतीस इंच मोजणारा स्कोप तुटलेला नसतो. आणि तो वॉरंटीत गेला की दीड महिना रायफल कपाटात.

डॅलसच्या मित्राचे नऊशे डॉलर शेवटी असे गेले: ५२० चा ४-१६ पटीचा स्कोप, पुढची काच ४४ मिमी, रेटिकल आणि टरेट दोन्ही मिलचे. १७० मध्ये रिंगा आणि २० एमओएची रेल. ९० मध्ये पाणसळ आणि टॉर्कचा पाना. उरलेल्या १२० ची मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, काडतुसं, एकूण साठ गोळ्या. त्यातल्या नऊ त्याने सगळ्यांत आधी खाटकाच्या कागदावर घातल्या. दहा मिलला अंतर आलं ३५ आणि सात-अष्टमांश इंच.

त्याच्या साताऱ्याच्या मावसभावाने आता "येताना माझ्यासाठीही एक आण" असा निरोप पाठवलाय. मित्राला मी नाही म्हणून सांगायला लावलं. रायफलचा स्कोप अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण यादीतली वस्तू आहे, चकल्यांच्या डब्यासारखा बॅगेत टाकून न्यायचा नसतो.