बोलीला टाळ्या पुरत नाहीत

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी अभिजात ठरली. पुढच्या वर्षी पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं आणि जूनअखेर सरकारला शासन निर्णय मागे घ्यावे लागले. दोन्ही वेळा अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली यांना वैभव म्हणून नमस्कार झाला आणि चर्चा पुढे सरकली. एस्टोनियात राहून हे वाचताना नमस्कारच तेवढा पोकळ वाटतो.

हा देश लोकसंख्येने नाशिक शहराहून लहान. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात व्होरो आणि सेतो बोलतात. 2011 च्या जनगणनेत व्होरो येतं म्हणणारे सुमारे 75 हजार निघाले, सेतो येणारे 12 हजारांच्या आसपास. आपल्याकडे त्याच वर्षी 'खान्देशी' या नावाखाली, अहिराणी धरून, साडेअठरा लाखांवर लोक मोजले गेले. तरी लिहिती, छापती बोली इथे जास्त दिसते.

त्यामागे काउक्सी युल्ले यांच्यासारखी माणसं आहेत. (आडनाव आधी, ही तिकडची गावाकडची पद्धत.) जन्म 1962, पहिला कवितासंग्रह 1987 चा, म्हणजे सोव्हिएत काळातला, तोही व्होरोत. कविता, नाटक, पत्रकारिता असं सगळं त्यांनी केलं. हिलाना तार्का या सेतो लोकगायिकेवरच्या त्यांच्या नाटकावरून 2008 मध्ये सेतोतला पहिला कथापट निघाला. 'एथ्नोफ्युचरिझम' या चळवळीत त्या होत्या: जुन्यातलं जुनं घ्यायचं आणि आजच्या रूपात मांडायचं. आपल्याकडे रंगमंचावर बोली आली की प्रेक्षक आधीच हसायच्या तयारीत असतो. शोकांतिका बोलीत करायची हिंमत फार थोडे दाखवतात.

पण कवी एकटा बोली टिकवत नाही. आधी लेखन ठरावं लागतं. गाव म्हणजे प्रमाण एस्टोनियनमध्ये 'क्युला', व्होरोत 'क्युलॅ'. व्होरोत शब्दाचा पहिला स्वर पुढच्या स्वराला स्वतःकडे ओढतो. अनेकवचनात प्रमाण भाषा शेवटी 'द' लावते, तर व्होरोत तिथे गळ्यात श्वास क्षणभर अडतो. तो अडथळा कागदावर दाखवायला रोमन लिपीतलं क्यू अक्षर घेतलं, आणि त्यावरून भांडणं झाली. नकार व्होरोत क्रियापदाच्या मागून येतो, आपल्या 'येत नाही'सारखा. प्रमाण एस्टोनियनमध्ये आधी. हे सगळं न ठरवता लिहिलं तर प्रत्येक जण प्रमाणभाषेकडे घसरतो, कारण तिथला नियम तयार असतो. मालवणीत खय, खंय, खैं अशी एकाच शब्दाची तीन रूपं आजही चालतात.

व्होरु गावात 1995 पासून व्होरो संस्था हेच काम करते: कोश, पाठ्यपुस्तकं, शिक्षक. 2000 पासून 'उमा लेह्त' (आपलं वर्तमानपत्र) दर पंधरवड्याला निघतं, संपूर्ण व्होरोत. शुभेच्छा, कुरकुर, गावची बातमी बोलीत छापली की वाचायची सवय लागते. कवितासंग्रहाने ती लागत नाही.

जिथे फसलं तेही सांगायला हवं. न्यूझीलंडच्या माओरींनी 1982 मध्ये सुरू केलेल्या 'भाषेच्या घरट्या'वरून (मुलांशी फक्त आपल्याच भाषेत बोलायची बालवाडी) इथल्या बालवाड्यांनी आठवड्यातून एक दिवस व्होरोचा ठेवला. पाचातला एक दिवस म्हणजे फार तर वीस टक्के वेळ, त्यातली दुपारची झोप वजा. मुलाला बोली समजते, पण उत्तर एस्टोनियनमध्येच येतं. बाई एकदा जरी घाईत भाषा बदलून बोलल्या, तरी मुलाला कळतं की इथे दुसऱ्या भाषेनेही काम भागतं. म्हणून एक मोठं माणूस ठरवून फक्त बोलीत बोलणारं लागतं, आणि तेही रोज.

खान्देशात असा प्रयोग करायचा तर अशी माणसं मिळतील. अडचण वेगळीच आहे. बहिणाबाई पाठ्यपुस्तकात आहेत, पण कवितेखालचे प्रश्न प्रमाण मराठीत, उत्तरंही प्रमाण मराठीत. 'मना' (माझा) आणि 'तुना' (तुझा) लिहिणाऱ्या पोराच्या वहीत शिक्षक लाल रेघ मारतात. ती रेघ कधी मारायची नाही, याचं एक पानाचं परिपत्रक काढायला अभिजात दर्जाही लागत नाही आणि निधीही.