नीलमावर हातोडा घालायला सांगणाऱ्या महाभागांना

‘अस्सल नीलम हातोड्याने फुटत नाही, फुटला तर काच समजा’ हा फॉरवर्ड सध्या विट्यापासून सांगलीपर्यंत प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. माझे मामा गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. सोन्याच्या बाबतीत त्यांना कुणी बनवू शकत नाही. त्याच मामांचा परवा फोन आला, ‘तुझ्या आजीच्या अंगठीतला खडा ऐरणीवर ठेवून बघू का?’ तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मामा, नीलम कठीण आहे, कठीणपणाच्या मोह्‌सच्या १ ते १० मापावर ९. पण त्याचा अर्थ त्यावर सहजी ओरखडा उठत नाही, एवढाच. १० वाला हिरासुद्धा हातोड्याने फुटतो. फटका एका टोकावर बसतो, त्याच्या कडेने खडा ताणला जातो, आणि ताण सोसण्यात हे स्फटिक कच्चे. आत आधीपासून असलेली एखादी बारीक चीर मग धावत सुटते. म्हणजे खरा खडा फुटणार आणि फॉरवर्डवाला वर म्हणणार, ‘बघा, काचच होती!’ चुरा झालेल्या खड्याची भरपाई कोण देणार, ते मात्र त्यात लिहिलेलं नाही.

पुढचा दावा, ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, बॉम्बच्या धक्क्यातही नीलम जसाच्या तसा राहतो.’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या ग्रॅहम आणि ब्रुक्स यांनी १९७१ साली नीलमाच्या स्फटिकांवरचे १५ ते ४२० किलोबारपर्यंतच्या आघातलहरींचे प्रयोग प्रसिद्ध केले. एक किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ हजारपट. स्फटिक कोणत्या दिशेने कापलाय त्यानुसार साधारण १२० ते २१० किलोबारपर्यंत तो लवचिक राहतो, म्हणजे दाब सरला की पुन्हा मूळ आकारात येतो. साधं पोलाद त्याच्या कितीतरी आधी मान टाकतं.

पण त्याच निबंधात पुढे काय आहे? ती मर्यादा ओलांडली की कातर, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा जोर, सोसायची त्याची ताकद बरीचशी जाते. आतले थर एकमेकांवरून घसरतात, काही पट्ट्यांतली रचना आरशातल्यासारखी उलटते. शिवाय ही लहर सपाट असते, स्फटिकाच्या सगळ्या तोंडावर एकदम येते आणि खेळ मायक्रोसेकंदांत आटोपतो. तेवढ्या वेळात पदार्थाला बाजूला पसरायला वावच मिळत नाही. विट्याच्या भरगच्च एसटीत उभा माणूस पडत नाही, तो काय पायात बळ आहे म्हणून? हातोड्याखाली खड्याच्या चारी बाजू मोकळ्या असतात.

‘धक्क्याने नीलमातून प्रकाश निघतो, तीच शनीची ऊर्जा.’ प्रकाश निघतो, खरंय, पण १२० किलोबारांच्या आसपास आणि पुढे, आणि तोही प्रयोगशाळेत बनवलेल्या बिनरंगी स्फटिकांतून. घसरण जिथे एकवटते ते अरुंद पट्टे तापतात. शनिमहाराजांना यात कशाला ओढता?

‘कृत्रिम नीलम मऊ असतो’ हे तर धादांत खोटं. ज्वालेत माणिक बनवायची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूईची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली. नीलमही तसा बनतो आणि तेवढाच कठीण असतो.

मामा, खात्रीच करायची तर रत्नपरीक्षकाकडे जा. दहापट भिंगातून ज्वालेत बनलेल्या खड्यात रंगाच्या रेषा वक्र दिसतात, खाणीतल्या खड्यात सरळ, कोनात वळलेल्या. वक्रीभवनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, १.७६ ते १.७७ भरला पाहिजे. साध्या काचेचा १.५ च्या आसपास असतो. त्यासाठी खडा अंगठीतून काढावाही लागत नाही.