तात्यांचा उपास

जानेवारीतल्या एका सकाळी चहाचा कप घेऊन मी काचेच्या टाकीपाशी गेलो, तेव्हा तात्या पोट वर करून पाण्यावर तरंगत होते. तात्या म्हणजे आमचा ओरांडा जातीचा गोल्डफिश. डोक्यावरचा लाल, मांसल उंचवटा थेट पुणेरी पगडीसारखा दिसत असल्यामुळे घरात त्यांचा एकेरी उल्लेख कोणी करत नाही. श्रद्धांजलीचे पहिले वाक्य मी मनात जुळवत होतो, तोच त्यांनी कल्ले हलवले आणि उलट्या तोंडानेच खाण्याची मागणी केली.

तात्यांना जिथून विकत आणले होते त्या दुकानात फोन लावला, तर पलीकडून "एअर ब्लॅडर गेला, दुसरा घेऊन जा" असे दोन वाक्यांत निदान आणि उपचार मिळाले. पगडीधारी माणूस असा बदलून आणता येत नाही, म्हणून मी वाचायला बसलो. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्यातल्या हवेवर त्याचे पाण्यातले वर-खाली होणे अवलंबून असते आणि गोल्डफिशमध्ये ही पिशवी एका बारीक नळीने अन्ननलिकेला जोडलेली असते. त्यामुळे तरंगणाऱ्या गोळ्या खाताना तो हवाही गिळतो. त्यातच माणसाने हौसेपोटी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ओरांड्याचे अंग लाडवासारखे गोल करून ठेवले आहे. त्या दाटीवाटीत आतडी फुगली की पिशवी दाबली जाते आणि मासा कलंडतो. (घोळ माशाच्या पोटातली हीच पिशवी मोठ्या भावाने परदेशी जाते, आमच्या वाट्याला मात्र पैसे खाणारी आली.) थोडक्यात, तात्यांना बद्धकोष्ठ झाले होते. चौकशीअंती असे निघाले की सकाळी मी, दुपारी आई, संध्याकाळी मुलगा आणि रात्री "बिचारे उपाशी झोपतील" म्हणून बायको, असे चौघेही त्यांना एकमेकांच्या नकळत जेवू घालत होतो.

पाणी बिघडले असले किंवा जंतुसंसर्ग असला तरी मासा असाच कलंडतो, म्हणून आधी पाण्यातला अमोनिया तपासला. तो शून्य निघाला. तरीही पाव टाकी पाणी बदलले, हीटर लावून तपमान हळूहळू पंचवीस अंशांवर आणले आणि तात्यांना तीन दिवसांचा उपास जाहीर केला. आमच्या घरात उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याचा कीस आणि दुपारी राजगिऱ्याचा लाडू. खऱ्या अर्थाने उपास करणारे तात्या हे आमच्या कुळातले पहिलेच. निर्जळी तेवढा त्यांना जमण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी एप्सम सॉल्ट आणायला मी औषधाच्या दुकानात गेलो.

"कोणासाठी?"

"घरातच आहेत. पोट साफ होत नाही."

"वय?"

"दीड वर्ष."

दुकानदाराचा हात बरणीवरून मागे आला. खरे काय ते सांगितल्यावर त्याने पुडी दिली. पण शेजारच्या गिऱ्हाइकाने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती मी विसरलेलो नाही.

चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा या हिशेबाने मी वेगळ्या बादलीत द्रावण केले आणि हातात घड्याळ धरून तात्यांना पंधरा मिनिटे त्यात ठेवले. आईचे माहेर मालवणचे. तिने बादलीत डोकावून विचारले, "मीठ लावून ठेवलंयस ते ठीक, पण हळद कुठाय?" हे जेवणातले मीठ नसून मॅग्नेशियम सल्फेट आहे, त्याने आतड्यांना आराम पडतो, असे मी समजावून सांगितले. त्यावर "आमच्याकडे माशाचं पोट साफ करायला विळी पुरायची," एवढेच बोलून ती आत गेली.

तथापि चौथ्या दिवशी उसळीच्या मटारांतून सर्वांत कोवळा दाणा तिनेच निवडून ठेवला होता. तो मऊ उकडून, नखाने साल काढून, त्याच्या अर्ध्या भागाचे मोहरीएवढे तुकडे करण्यात माझी पंचवीस मिनिटे गेली. तात्यांनी पहिला तुकडा तोंडात घेतला, विचार केला आणि थुंकला. दुसराही थुंकला. तिसरा मात्र, कोणी बघत नाही असे वाटल्यावर, गिळला.

पाचव्या दिवशी दुपारी मुलगा ओरडला, "बाबा, आली!" चौघेही धावलो. तात्यांच्या मागे बोटभर लांबीचा हिरवा धागा डौलाने लहरत होता, आणि ते अजून किंचित डावीकडे झुकलेले असले तरी पगडी वर आणि पोट खाली, असे शास्त्रशुद्ध पोहत होते.

आता तात्यांना बुडणाऱ्या गोळ्या, त्याही भिजवून, दिवसातून दोनदाच मिळतात, आणि कोणी कधी घातल्या याची नोंद फ्रिजवरच्या कालनिर्णयावर होते. जेवण जास्त झाले की ते अजूनही तासभर कलतात. माझ्या लहानपणी दात घासून आल्याबरोबर आई मला जो प्रश्न विचारायची, तो ती हल्ली रोज सकाळी काचेशी वाकून विचारते: "झाली का हो, तात्या?"