लाल पट्टा, कोरा पावसाळा आणि ठाणे खाडी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक उपग्रहचित्र फिरते आहे. खाडीचा लाल पट्टा म्हणजे कारखान्यांचे रसायन, पावसाळ्यात तो दिसत नाही म्हणजे पाऊस खाडी धुऊन काढतो, आणि म्हणून खाडीची मासळी पावसाळ्यातच खावी, असे त्याखाली लिहिले आहे.

पहिले विधान रंगाच्या अर्थापाशीच चुकते. या नकाशातला लाल रंग पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमधल्या हरितद्रव्याचा जास्त अंदाज दाखवतो, रसायन नव्हे. उपग्रह पाण्यातून परतणारा निळा आणि हिरवा प्रकाश मोजतो व त्यांच्या गुणोत्तरावरून हे प्रमाण काढले जाते. खोल समुद्रात हे बरेच जमते. पण आपल्या खाडीत भरती-ओहोटीने सतत ढवळणारा गाळ आणि खारफुटीच्या कुजत्या पानांतून उतरणारी पिवळसर द्रव्ये हे गुणोत्तर बिघडवतात, त्यामुळे हरितद्रव्य बेताचे असतानाही आकडा फुगतो. शिवाय उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा पाण्यातून येतो, उरलेला हवेने विखुरलेला असतो, आणि तो वजा करण्याची रीत गढूळ पाण्यावर हमखास अडखळते. एक किलोमीटरच्या चौकोनांनी बनलेल्या चित्रात तर कळव्याजवळची अरुंद खाडी काठासकट एकाच ठिपक्यात जाते.

पावसाळ्याचे विधान मला अधिक घातक वाटते. जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी भरलेले असते, ढगांपलीकडचे पाणी या उपकरणांना दिसत नाही, म्हणून नकाशात कोरी जागा उरते. तिचा अर्थ मोजणी झाली नाही, एवढाच. त्याच महिन्यांत उल्हास नदी आणि नाले सर्वाधिक गाळ खाडीत आणतात.

दोन महिन्यांची दोन चित्रे शेजारी ठेवूनही ऋतुबदल सिद्ध होत नाही. उपग्रह दुपारच्या ठरावीक वेळी जातो, भरती मात्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. त्यामुळे एक चित्र उधाणाच्या ओहोटीचे, तर दुसरे भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या दिवसांतल्या, भरतीचे असू शकते. अनेक वर्षांच्या महिनावार सरासऱ्या घेतल्या, तर किनाऱ्यापासून दूर ही माहिती फार मोलाची आहे: हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचा पृष्ठभाग थंड होऊन खालचे पोषक पाणी वर मिसळते आणि हरितद्रव्य वाढते, ते तिच्यात स्वच्छ दिसते. हैदराबादची इन्कॉइस संस्था हरितद्रव्य आणि पाण्याचे तापमान पाहूनच मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा कळवते.

राहिली मासळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ आहे. नेमक्या त्याच दिवसांत मासळी खा, असा सल्ला हा संदेश देतो. मासळी खाण्याजोगी आहे की नाही, हे तिच्या मांसाच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीवरून ठरते, आणि नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळणीची टोपली उपग्रहाच्या नावाने बदनाम करण्याचा अधिकार कोणालाही नाही. खाडीत सांडपाणी येते ही तक्रार खरी आहे. तिच्यासाठी ऐरोली आणि वाशीच्या पुलांखालून, भरतीची वेळ नोंदवून, बाराही महिने पाण्याचे नमुने घ्यावे लागतील.