बाथरूमचा सीपीव्हीसी पाइप इंजिनला लावू नका: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या शनिवारी भाचा पिशवी घेऊन आला. पिशवीत सव्वा इंची सीपीव्हीसीचे (बाथरूमच्या गरम पाण्याला वापरतात त्या प्लास्टिकचे) चार एल्बो, दोन फूट पाइप, सोल्युशनची डबी आणि हिरव्या गार्डन पाइपचा तुकडा. "मामा, रेडिएटरच्या लाइनचं सामान आणलं. आता अंबडला लेथवाल्याकडे जायला नको." कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्याने फोन पुढे केला. गाडीच्या रेडिएटरला घरगुती पाइप लावा, असं सांगणारा फॉरवर्ड होता. तोच मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता आणि मी न वाचता पुढे सरकलो होतो. तेव्हाच वाचायला हवा होता.

त्याची गाडी म्हणजे जुनी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, फायबर बॉडीची, दोन सीटची. मूळ रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन गेलं, त्या जागी एस्टीमचं 1298 सीसीचं बसवतोय. गाडी फक्त ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मैदानावर वळणावळणाच्या आखलेल्या मार्गावरच्या शर्यतीसाठी, तिथेही ट्रेलरवरूनच जाणार. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, परवानगीशिवाय इंजिन बदलून रस्त्यावर आणता येत नाही, हे त्याला माहीत आहे. रेडिएटर मूळ गाडीचा, इंजिन दुसऱ्या कंपनीचं, त्यामुळे एकाही होजचं (पाण्याच्या रबरी नळीचं) तोंड दुसऱ्याशी जुळत नाही. अशा वेळी माणूस स्वस्त उपाय शोधतो आणि नेमका तेव्हाच असा मेसेज हाती पडतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सीपीव्हीसी 28 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब सहन करतो, रेडिएटरमध्ये एक किलोही नसतो, म्हणून बिनधास्त लावा. वळणावर गार्डन पाइप चालतो. रेडिएटरची कॅप पहिल्या खाचेवर ढिली ठेवा, म्हणजे दाबच होणार नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाका. कूलंट हा कंपन्यांचा धंदा आहे, नाशिकला बर्फ पडत नाही, नळाचं पाणी घाला. होज सैल असेल तर क्लिप आवळा, फिटिंगचे आटे जुळले की टेफ्लॉन टेप गुंडाळा.

सीपीव्हीसीपासून सुरू करतो, कारण त्यानेच माणूस भाजणार आहे. 28 किलोचा आकडा खोटा नाही, अर्धा आहे. या पाइपवर आयएस 15778 असं छापलेलं असतं. पिण्याच्या थंड-गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपसाठीचं ते भारतीय मानक आहे. कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये एसडीआर 11 (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या 11 पट) पाइपपुढे दोन आकडे सापडतील: 27 अंशांना सुमारे 28 किलो, 82 अंशांना सुमारे 7 किलो. मेसेज लिहिणाऱ्याने पहिला आकडा उचलला आणि दुसरा सोडून दिला. पंचावन्न अंशांच्या फरकात पाइपची तीन चतुर्थांश ताकद गेली, आणि तक्ता 82 वर संपतो. अनेक गाड्यांचा थर्मोस्टॅट उघडायला सुरुवातच 82 अंशांना होते. पंखा लागतो तेव्हा पाणी नव्वदीच्या पुढे असतं. म्हणजे पाइपचा तक्ता संपतो तिथे इंजिनचं रोजचं काम सुरू होतं. इंजिन बंद केल्यावरही पंप थांबतो पण हेडमधली (सिलिंडरवरच्या झाकणातली) उष्णता तशीच असते, म्हणून काही मिनिटं पाणी आणखी तापतं. या पाइपची वरची मर्यादा 93 अंश धरतात. ती ऑटोक्रॉसच्या पहिल्याच फेरीत ओलांडली जाईल.

भाच्याने लगेच विचारलं, "सात किलो म्हणजे तरी एक किलोच्या सातपट झालं ना?" प्रश्न रास्त आहे. पण घरातला पाइप भिंतीत गप्प बसलेला असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, रेडिएटर चॅसीला घट्ट असतो, आणि ती सगळी हालचाल मधल्या लाइनने झेलायची असते. रबरी होज ती झेलतो. सोल्युशनने चिकटवलेला कडक एल्बो झेलत नाही, तो जोडापाशी तडकतो. होज चढवून क्लिप आवळलीत तर गरम झालेला पाइप क्लिपखाली हळूहळू दबत जातो, पकड सुटते आणि होज निसटतो. तेव्हा बॉनेट उघडून वाकलेला माणूस समोर असेल तर शंभर अंशांच्या वरचं पाणी त्याच्या तोंडावर जाईल. गार्डन पाइपबद्दल एवढंच सांगतो की मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर पडलेला तो पाइप हातात घेऊन दाबून बघा.

कॅप ढिली ठेवायचा सल्ला याच्याइतकाच वाईट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, इथे उघडं पाणी 98 अंशांनाच उकळतं. 0.9 बारची (एक बार म्हणजे साधारण एक किलो दाब) कॅप नीट बसलेली असेल तर तेच पाणी 118 च्या आसपास उकळतं. ही वीस अंशांची राखण कॅप करते. ती ढिली केलीत की हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती वाफेचे बुडबुडे धरतात. जिथे वाफ आहे तिथली उष्णता पाणी नेऊ शकत नाही, हेड वाकतं, गॅस्केट उडते. आणि तापमानाचा सेन्सर वाफेत असेल तर मीटरचा काटा खालीच राहतो, सगळं ठीक असल्यासारखा. तापलेली कॅप उघडण्याबद्दल मला सांगायला कुणी नको. कसारा घाटात जीप तापली तेव्हा मी घाई केली होती, त्याचा डाग डाव्या मनगटावर आहे.

थर्मोस्टॅटचं नीट समजून घ्या, कारण इथे दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. "काढला की पाणी फार वेगात जातं, म्हणून उष्णता घेत नाही" हे काही जुने मिस्त्री सांगतात, तेही खरं नाही. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच नेली जाते. खरी अडचण दुसरी आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे दुसरी तबकडी असते. इंजिन गरम झालं की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढलात की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनातच फिरतो. म्हणजे ज्या गाडीला थंड करायला निघालात तीच तापते. ज्यात तशी तबकडी नाही ते इंजिन थंडीत धड गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि सिलिंडरची झीज वाढवतं.

साध्या पाण्याच्या बाबतीत मात्र अर्धी गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं: ग्रॅमला अंशामागे 4.18 ज्यूल, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) मिसळल्यावर साडेतीनच्या आसपास. कित्येक ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदीच असते, कारण ते सांडलं की ट्रॅक निसरडा होतो. पण तिथे डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक घालतात, बोअरचं पाणी ओतत नाहीत. क्षाराचं पाणी ॲल्युमिनियमचं हेड आतून खातं आणि त्याने रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतो. बर्फाचा मुद्दा तर गैरलागूच. निफाडला पारा कितीही उतरला तरी आपल्याकडे कूलंट लागतं ते गंज आणि उकळणं रोखायला.

क्लिप जास्त आवळली की पट्टी होज कापते. पाइपच्या तोंडाला उंचवटा नसेल तर आवळून उपयोग नाही, दाब आला की होज सरकणारच. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, तो लिबलिबीत घेतलात तर जास्त आरपीएमला आत चपटा होतो.

आटे जुळले की झालं, हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण मी सातपूरला मेंटेनन्समध्ये वीस वर्षं याच चुका दुरुस्त केल्या. आपल्या बाजारात मिळतात ते बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे, 55 अंशांच्या कोनाचे. परदेशी सेन्सर आणि ॲडॅप्टर बऱ्याचदा एनपीटी (अमेरिकन मापाचे), 60 अंशांचे. पाव आणि तीन अष्टमांश इंचात एकाला इंचामागे 19 आटे, दुसऱ्याला 18, त्यामुळे लगेच अडकतं आणि चूक कळते. अर्धा इंचाला दोन्हीकडे 14. छान फिरत जातं, घट्टही लागतं, टेप गुंडाळली की थंडपणी गळतही नाही. गरम झाल्यावर गळतं.

भाच्याचं सामान परत केलं, कापलेला पाइप तेवढा राहिला. रविवारी आम्ही अंबडला 32 मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पाइप वाकवून घेतला, दोन्ही तोंडांना उंचवटा काढला आणि दोन्ही टोकांना ईपीडीएम (उष्णता सहन करणाऱ्या) रबराचे जाळीवाले होज लावले. भराव टाकी इंजिनच्या सगळ्यात वरच्या जागी ठेवली आणि हेडमधली हवा बाहेर काढायला तिच्याकडे बारीक नळी नेली. काल हातपंपाने 1.1 बार दाब भरून अर्धा तास ठेवला. सगळे जोड कोरडे होते, फक्त तापमानाच्या सेन्सरचा अर्धा इंची ॲडॅप्टर पाझरत होता. तो काढून आटे मोजले, 14 निघाले. मग गेज लावून कोन पाहिला, तो 60 अंशांचा होता. आता नवा बीएसपी ॲडॅप्टर लेथवर करायला दिला आहे, तो बसेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही असं भाच्याला सांगितलं आहे.