जुना ब्रँडेड डेस्कटॉप आणि एसएमपीएसची अडवणूक

नामांकित कंपनीच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये नवा भाग बसवायचा म्हटले, की दरवेळी तीच डोकेफोड करावी लागते. रॅम आणि एसएसडी निमूटपणे बसतात. घोडे पेंड खाते ते एसएमपीएसपाशी, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी. कोणत्याही कंपनीचे भाग एकमेकांत बसावेत म्हणून एटीएक्स हे प्रमाण १९९५ साली आले, पुढे मदरबोर्डची वीजजोडणी २४ पिनांवर स्थिरावली, तरीही या कंपनीने तिथे स्वतःची ८ पिनांची जोडणी दिली आहे आणि हार्ड डिस्कची वीजसुद्धा मदरबोर्डवरूनच फिरवून आणली आहे. मूळ एसएमपीएस जेमतेम २४० वॅटचा असल्याने मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटपेक्षा अधिक वीज मागणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा विचारच सोडावा लागतो. कॅबिनेट बदलावे, तर पॉवर बटणाची वायर भलत्याच घडणीची निघते. शिवाय कंपनीचा पंखा काढला, की पंखा बिघडल्याची सूचना येते आणि एफ१ दाबेपर्यंत संगणक पुढे सरकत नाही. प्रोसेसर धडधाकट असताना चार तारांपायी अख्खा संगणक भंगारात काढायला लावणे हा ग्राहकावर सरळसरळ अन्याय आहे. निदान कोणत्या पिनेवर किती व्होल्ट येतात, याचा तक्ता तरी माहितीपुस्तिकेत छापायला काय हरकत आहे?