चांगली जमलेली लाइन कशाला मोडता?

परत तेच! अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये दुसऱ्या क्वार्टरची तिसरी सिरीज (चढाईची पाळी) आली की आमच्या टीमचा कोच राइट गार्डला, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या एकाला, बाहेर बसवतो आणि बेंचवरचा पोरगा आत घालतो, दुखापत नाही काही नाही, नुसतं रोटेशन. अरे कशाला?? डिफेन्सिव्ह लाइन फिरवा ना, पास रशरला (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याला) ताजे पाय लागतात, मान्य. पण ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे पाच जणांनी मिळून एकच काम करायचं असतं. समोरचे दोघं स्टंट मारून जागा बदलतात तेव्हा गार्डने आपला माणूस शेजारच्या टॅकलकडे सोडायचा आणि आत येणारा उचलायचा, तेही क्षणात, न बोलता, आणि हे शेजारच्याची सवय असल्याशिवाय जमतच नाही. त्यात बाहेरची मॅच असली की आवाजात काही ऐकू येत नाही, सायलेंट काउंट, म्हणजे बॉल मागे देणाऱ्या (स्नॅप करणाऱ्या) सेंटरचं डोकं हललं की मनात मोजायचं, तिथे गार बसून आलेला पोरगा दचकणारच. काल तेच झालं, फॉल्स स्टार्ट (स्नॅपच्या आधीच हलणं), ५ यार्ड मागे, थर्ड अँड २ चं (तिसरा प्रयत्न, २ यार्ड बाकी) थर्ड अँड ७, आणि पुढच्याच स्नॅपला क्वार्टरबॅक आडवा.

८ ऑफेन्सिव्ह लाइनमन ठेवले की एनएफएलमध्ये (अमेरिकेतली मोठी लीग) ४८ जणांना मॅचसाठी तयार ठेवता येतं, २०२० पासूनचा नियम आहे, पण म्हणून सगळ्यांना खेळवायलाच पाहिजे का? पोराला अनुभव द्यायचाय तर प्रीसीझन (सीझनआधीच्या सराव मॅचेस) आहे, प्रॅक्टिस आहे. त्या बसवलेल्या गार्डचा चेहरा बघवत नव्हता हो, एवढा चांगला खेळत होता तो.